साकवाकडचा सगुण

आमच्या बसस्टॉपचं नाव साकव. साकव म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा, लहानसा दगडी पूल, आणि आमच्या स्टॉपवर ना पूल दिसतो ना व्हाळ. एक पिंपळ आहे, एक मोडका बाक आहे आणि मागे माझं घर. तरी कंडक्टर "साकव कोण, साकव?" म्हणून ओरडतो, लोक उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. साकव गेला कुठे, असं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि मी पेडण्याकडच्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. विचारलं ते सगुणने, आणि तो इथला नव्हेच. तो इब्रामपूरचा.

रस्त्याच्या पलीकडे, माझ्या घरासमोर, गेल्या दिवाळीनंतर एक व्हिला उभा राहिला. मालक बाहेरचे. नवरा कधी दिसला नाही. मॅडम दिसायच्या, महिन्यातून चार दिवस. गेटपासून पोर्चपर्यंत काळ्या घडीव दगडांचा रस्ता, खाली काँक्रीट. त्याला ड्राइव्हवे म्हणायचं. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला, मीटरची खोली. खालच्या अंगाला बाग आणि बागेत माड. मॅडमना प्रत्येक माडाच्या बुंध्याशी एक दिवा हवा होता, उजेड खालून वर जाणारा. माडाला खालून उजेड कशाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही, पण पैसे त्यांचे, माड त्यांचे.

अडचण अशी की वीज एका अंगाला, माड दुसऱ्या अंगाला आणि मध्ये अठरा फूट रुंद रस्ता. असा रस्ता ओतण्याआधी त्याच्याखाली एक रिकामा पाईप टाकून ठेवतात, पुढेमागे वायर न्यायची झाली तर सोय म्हणून. ते बघायचं काम गोकुळदासाचं. तो विसरला. हा गोकुळदास आमच्याच गावचा, कंत्राटदाराचा सुपरवायझर आणि माझा विद्यार्थी; नकाशात नद्या भरायला दिल्या की समुद्राकडून डोंगराकडे वाहवायचा. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, एकही दगड उचकटायचा नाही, काढलेला दगड परत तसा बसत नाही. तेव्हा आपण काय विसरलो हे मॅडमना कळायच्या आत त्याने इब्रामपूरहून सगुणला आणलं.

सगुण बावन्न वर्षांचा, काटकुळा, एका कानाने कमी ऐकणारा. कान पंपांनी घालवला. बाप गवंडी होता. मुलाने नववीनंतर शाळा सोडली आणि काही वर्षं बापाच्या हाताखाली दगड वाहिले. मग सुर्ल्याला खाणीवर चिकटला. खाणीचा खड्डा खोल जातो तसं तळाला पाणी लागतं, ते सतत उपसत राहावं लागतं. सगुण त्या पंपांवर होता. केबल जोडणं, मोटर उघडणं, पाईप ओढणं, सगळं तिथेच शिकला. अठरा वर्षं रोज सकाळी सात वाजता तो त्या पंपघराचं कुलूप काढत होता. खाण बंद झाली आणि कुलूप कोणीतरी दुसऱ्याने घातलं, बाहेरून.

त्यानंतर बारा वर्षं तो मिळेल ते करत होता. कुणाची विहिरीची मोटर, कुणाच्या लग्नाची रोषणाई, कुणाचं काजूच्या बागेतलं कुंपण. हे त्याने मला आमच्या सोप्यावर बसून सांगितलं, चहात पाव बुडवता बुडवता.

"पोट भरता बाई. तेचा काय नाय. पण सकाळी उठलंय काय पयलो प्रश्न, आज खय जावचा. बायल डबो भरता आनी इचारता, आज खयची वाट? बारा वर्सां तीच इचारता. आता तिका सांगूक माका लज दिसता."

बायकोचं नाव कमलाक्षी. तिला मी कधी पाहिली नाही, पण तो प्रश्न विचारणारी बाई मला स्वच्छ दिसली.

गोकुळदासाने त्याला शब्द दिला होता. हे काम दगड न हलवता झालं की व्हिलाची देखभाल सगुणकडे: पंप, मीटर, बागेचे दिवे, सगळं. मीटरच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात. सगुण दुसरं काही बोलायचाच नाही. किल्ली, किल्ली. जणू मोक्ष.

कामाची पद्धत त्याने मला समजावून सांगितली, कारण मी विचारली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढा खड्डा खणायचा. एका खड्ड्यात लोखंडी पाईप आडवा ठेवायचा, पुढचं तोंड ठोकून टोकदार केलेलं, आणि मागून मोठ्या मार्तेलाने, म्हणजे घणाने, हाणत रस्त्याखालून पलीकडे काढायचा. पाईप एक बोट तिरका शिरला की पलीकडे हातभर चुकतो. म्हणून दर दहा घावांनी थांबून दोरीला धरून बघायचं. मग त्या लोखंडी पाईपमधून प्लास्टिकचा पाईप आणि त्यातून वायर. दिवसभर त्याचे घाव माझ्या घरात ऐकू येत होते. दहा घाव, शांतता, दहा घाव, शांतता. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी मोजून काम करताना ऐकलं. मी भाजी निवडत ऐकत बसले.

पहिल्या दिवशी चार हातांवर पाईप अडला. दगड. दुसऱ्या दिवशी वीतभर बाजूला सरकून परत सुरुवात, परत दगड. गोकुळदास येऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिला.

"काय रे सगुण, खाणीचो माणूस मरे तू. खाण खणूक सांगल्या नाय तुका, भोक करूक सांगल्या."

"गोकुळदासबाब, हो सुटो दगड नाय. आवाज येगळो येता."

"आवाज तुका येता? तुजो कान खयचो?"

सगुण हसला. टोमण्यावर हसायची त्याला सवय होती, त्याचाच मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला घाव थांबले ते परत सुरूच झाले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. सगुण खड्ड्यात गुडघ्यांवर बसून पाईपच्या तोंडाला आपला चांगला कान लावून होता. मग उठला, रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. पाणी मागितलं, पण प्यायला नाही, तांब्या हातात धरून उभा राहिला.

"बाई, पाईप आपसूक गेलो. एक घाव घातलंय आनी दोन हात आत. आनी आता पाईपातसून थंड वारो येता. ह्या रस्त्याखाल काय आसा?"

"माती असणार. आणखी काय असणार?"

"मातयेत वारो खयसून?" त्याने तांब्या खाली ठेवला. "बसवालो रोज माका साकव म्हणान उतरयता. तीन दीस मी बघतय. साकव खय आसा?"

तेव्हा मला आठवलं, आणि आठवलं याच्यापेक्षा इतके दिवस आठवलं नव्हतं याची जास्त लाज वाटली. लग्न होऊन आले तेव्हा नळ नव्हते. बी.ए.ची पदवी घेऊन मी दोन वर्षं त्या साकवाखालच्या दगडावर सासरच्या माणसांचे कपडे आपटले. जुनी गाडीवाट त्या साकवावरून जायची. नंतर डांबरी रस्ता पन्नास पावलं वर झाला, गाडीवाट घाणेरीने भरली, बस वरून जाऊ लागली आणि नाव तेवढं बसबरोबर वर आलं. खाली साकव होता तिथेच राहिला. व्हिलाच्या रस्त्यासाठी जेसीबीने एका दिवसात त्याच्यावर भराव टाकला, ते मी याच खिडकीत उभी राहून पाहिलं होतं. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली होती.

मी काठी घेतली आणि त्याच्याबरोबर गेले. गोकुळदास पेडण्याला गेला होता, मॅडम चार दिवसांनी येणार होत्या. मी जागा दाखवली, सगुणने बागेच्या बाजूने पिकासाने माती ओढली. तासाभरात कमान दिसली. चिऱ्यांची, चुन्यात बांधलेली, एका माणसाला सरपटत जाता येईल एवढी. आत सुकी रेती आणि एक कुर्ली, म्हणजे खेकडा.

सगुणने कमानीच्या चिऱ्यांवरून हात फिरवला, सांध्यासांध्यावरून. गवंड्याचा मुलगा ना. "बापूस बघतलो तर रडतलो," म्हणाला. "सिमेट नाय, काय नाय. बघा, एक चिरो हललो नाय, आनी वरसून तेंचे ट्रक गेले."

कमरेला दोरी बांधून, तोंडात टॉर्च धरून तो आत शिरला आणि वरच्या अंगाला मीटरच्या खोलीमागे डोकं बाहेर काढलं. तिथलं तोंड नुसत्या डबराने झाकलेलं होतं. त्याने आतून ढकलूनच मोकळं केलं. केसांत कोळिष्टकं, दाताखाली रेती, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मलाही हसू आलं. दुपारी त्याने वायरीचा पाईप कमानीच्या आतून बसवला. खाली टाकला नाही. उंच, कुशीला, दर हातावर पट्टी मारून. का, म्हणून विचारलं.

"व्हाळ येतलो तेका वाट होयी. बापूस म्हणायचो, घराचा दार मागसून, पाण्याचा दार आदी."

मॅडम आल्या त्या संध्याकाळी त्याने बटण दाबलं. माड खालून उजळले. मॅडमनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला, दगड एकही हललेला नाही. खूश झाल्या. गोकुळदासाने छाती काढून सांगितलं, आमचा माणूस आहे, पाईप मारून नेला. मी कुंपणाशी उभी होते. सगुणने तेव्हा गप्प बसायचं होतं. किल्ली दोन हातांवर होती.

पण आपल्या हिंदीत तो म्हणाला, मॅडम, पाईप मारके नहीं गया. नीचे पानी का रास्ता है, पुराना पूल है. दोनों तरफ मुँह खुला रखना, बारिश में नाला आएगा. त्याला वाटलं, हे सांगणं देखभालीतच येतं. किल्ली जवळ ठेवणाऱ्या माणसाने घरमालकाला घराखाली काय आहे ते सांगू नये, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. खाणीत पाणी कुठून येतं ते वर सांगणं हेच त्याचं काम होतं.

मॅडमनी "नाला?" एवढंच विचारलं आणि फोन घेऊन आत गेल्या. व्हाळावर बांधलेली वाट म्हणजे उद्या कोणीतरी कागद घेऊन येणार, विकताना कोणीतरी खोट काढणार. वकिलाने फोनवर हेच सांगितलं असेल. मला नंतर गोकुळदासाकडून कळलं ते इतकंच, की पूल नव्हता असं असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुण सिमेंट कालवत होता. एकटाच. मी तशीच रस्ता ओलांडून गेले.

"काय चाललंय?"

"तोंड बंद करूचा आसा."

"कुणाचं?"

त्याने वर पाहिलं नाही. "बाई, तुमी घरी जावा. उन लागात."

"ऊन मला सत्तर वर्षं लागतंय. सगुण, काल तूच सांगितलंस ना, पाण्याचं दार आधी? मग आज काय झालं?"

"गोकुळदासबाबान सांगल्यान, दोनय तोंडां बंद कर, वर लॉन घाल. मगे किल्ली. नायतर दुसरो आसा म्हणता, आरोंद्याचो."

"आणि पाणी कुठे जाणार?"

"पाणी जाता खय तरी. पाणी काय हय बसून रवता?" त्याने फावडं टेकवलं. "जाता तेका मी काय करू? बारा वर्सां मी पन पाण्यासारखो फिरलंय. माका कोणी दार ठेवल्यानी?"

मी चिडले. त्याला नको ते बोलले. खाणीने कान नेला, आता ही माणसं जीभ नेताहेत, असं काहीतरी. तो माल कालवत राहिला. दोन्ही तोंडं त्याने चिरे आणि काँक्रीट घालून बुजवली आणि, हे मी मुद्दाम लिहिते, काम उत्तम केलं. एक सांध राहिली नाही. वर हिरवळीच्या तयार गाद्या अंथरल्या. आठ दिवसांत तिथे काही होतं असं मलासुद्धा वाटेना.

मी पंचायतीत अर्ज दिला. मला गप्प बसता येत नाही, आणि व्हाळाच्या खाली बाबलीचं शेत आहे. बाबली सत्तरीचा, एकटा भात करतो, आणि अर्ज कसा लिहायचा ते त्याला माहीत नाही. एप्रिलमध्ये पाहणी झाली. एक पंच, एक तलाठी, गोकुळदास, मी, बाबली. नकाशात व्हाळाची रेघ होती, साकवाची खूण नव्हती. जागेवर हिरवळ. तलाठी भला माणूस वाटला. म्हणाला, खणायला सांगायचं तर काहीतरी धरायला हवं, कोणी पाहिलंय का? मी सगुणकडे बोट दाखवलं. तो मीटरच्या खोलीच्या दारात उभा होता, अंगात व्हिलाचं नाव छापलेला हिरवा शर्ट.

"वायर खालून कशी नेली तुम्ही?" तलाठ्याने विचारलं.

"पाईप मारून."

"मध्ये पोकळी वगैरे लागली?"

"नाय. माती. दोन फावटी दगड लागलो, मगे बाजूक सरकलंय." आणि आत जाऊन तो मार्तेल घेऊन आला, पाईपचा एक तुकडाही आणला, ठोकून टोकदार केलेला. सगळं खरं होतं. चार हातांपर्यंत सगळं खरं होतं.

"सगुण," मी म्हटलं, "कमान तू हात लावून पाहिलीस. बापाचं नाव घेतलंस. माझ्याकडे बघून सांग."

त्याने तलाठ्याकडेच बघून सांगितलं. "बाई जाणट्या आसत. तेंका पयल्याच्यो गोष्टी याद येतत, मगे तेंका दिसता तां आताच आसा."

गोकुळदास खाली बघून हसला. पंच म्हणाला, बाईंना सावलीत खुर्ची द्या कोणीतरी. खुर्ची सगुणनेच आणली. मी बसले नाही. बाबलीने परत जाताना एवढंच म्हटलं, "जावंदी बाई. तेकाय पोट आसा." बाबलीचा हा मोठेपणा मला परवडत नाही. पण महिन्याच्या एक तारखेला पेन्शन घेऊन बाणेदार राहणं सोपं असतं, हेही मला कळतं. ते कळून माझा राग कमी झाला, असं मात्र कोणी समजू नये.

सगुणला किल्ली मिळाली. पाईप मारून रस्त्याखालून वायर नेणारा म्हणून त्याचं नावही झालं. आजूबाजूच्या दोन व्हिलांतून बोलावणं आलं. त्याने जे केलंच नाही त्यासाठी लोक त्याला ओळखतात. जे केलं ते मला आणि त्याला ठाऊक.

मला वाटलं होतं, जूनमध्ये तो रस्ता खचेल. खचला नाही. काँक्रीट चांगलं होतं, आणि ते चिऱ्यांचं काम होतंच. व्हाळ वरून आला, बंद तोंडाशी फुगला, मीटरच्या खोलीला वळसा घालून गेटातून बाहेर पडला आणि गल्लीतून सरळ बाबलीच्या शेतात शिरला. भाताची रोपं रेतीखाली गेली. मॅडमच्या माडांना काही झालं नाही, दिवे लागतात. व्हिलात एक मोठा पंप आणला गेला आणि सगुण भर पावसात, रेनकोट घालून, मीटरच्या खोलीमागचं पाणी उपसून गल्लीत सोडत असतो. सुर्ल्याला करत होता तेच. सकाळी सात वाजता पंप सुरू होतो आणि मला जाग येते. आता दहा घाव आणि शांतता असं काही नाही, एकच घरघर.

तो आमच्या सोप्यावर येत नाही. मी बोलावत नाही.

गेल्या गुरुवारी पेडण्याला डॉक्टरकडे पहिला नंबर लावायचा म्हणून पहाटेच निघाले, पण दारावर डॉक्टर नसल्याची पाटी. तशीच परतीच्या बसने आले. बसमध्ये पुढच्या सीटवर सगुण, मांडीवर डबा. कंडक्टर नवा पोरगेला होता. "खय?" म्हणून त्याने विचारलं.

"व्हिलाकडे," सगुण म्हणाला.

"खयचो व्हिला? हय सगळेच व्हिला."

"पिंपळाकडे. बाक आसा थय."

"साकव म्हण मरे मगे," कंडक्टर वैतागला आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "साकव! साकव कोण?"

सगुण उठला. मला त्याने मागे वळल्यावर पाहिलं. खाली उतरून थांबला, माझ्या हातातली औषधांची रिकामी पिशवी घेतली, मला उतरायला हात दिला. मी तो धरला. गुडघे माझे, करणार काय. पिशवी त्याने आमच्या फाटकाच्या खिळ्याला अडकवली, खिशातून किल्ली काढली आणि रस्ता ओलांडून गेला. सात वाजायला पाच मिनिटं होती.